पायाळूचा गोठलेला खांदा

मी पायाळू. म्हणजे आईच्या पोटातून डोक्याआधी माझे पाय बाहेर आले. आमच्या कोल्हापुरात अशा माणसाला जन्मतःच एक बिनपगारी नोकरी लागते. कुणाच्या पाठीत उसण भरली, कुणाची कंबर धरली, की पायाळूनं त्याला डाव्या पायानं लाथ घालायची. लाथ म्हणजे काय, टाच टेकवायची हळूच. आणि लाथ घेतलेल्यानं एक अक्षर बोलायचं नाही. उठायचं, तोंड मिटून घर गाठायचं, उंबरा ओलांडून आत गेल्यावरच तोंड उघडायचं. वाटेत बोललं की सगळं वाया.

माणूस वडीलधारं असलं तर लाथ घालून झाल्यावर मी त्याच्या पाया पडते, कारण पाय लागला ना. आधी लाथ, मग नमस्कार. माझे सासरे हयात होते तोवर म्हणायचे, "सुनेची लाथ खाऊन वर आशीर्वाद देणारा मी एकटाच असंन पेठेत."

माझा ह्यावर विश्वास? कपाळ माझं! उसण दोन-तीन दिवसांत आपली आपणच उतरते, हे मला चांगलं ठाऊक आहे आणि गल्लीला मी ते हजारदा सांगितलंय. पण सकाळी सकाळी माणूस कोयत्यासारखा वाकडा होऊन दारात उभा राहिला, तर त्याला काय शास्त्र शिकवत बसायचं? टेकवायची टाच आणि लागायचं आपल्या कामाला.

हे पुराण आधी लावलं, कारण माझा उजवा खांदा धरला तेव्हा तो मी लपवला, तो ह्या पायाळूपणापायीच. मी डॉक्टर नव्हे, ब्लाऊज शिवणारी बाई आहे. पण कुणाचा खांदा असाच कुरकुरायला लागला असेल, तर मी केला तो मूर्खपणा त्यानं करू नये, एवढ्यासाठी हे लिहायला बसले.

*

सुरुवात काही मोठी नव्हती. गणपतीच्या आधी घरातली सगळी पांघरुणं धुवायला काढली होती. चादर दोरीवर टाकायला हात वर केला आणि खांद्यात अशी कळ आली की चादर टाकून मी खालीच बसले. मग विसरून गेले. आठ-पंधरा दिवसांनी लक्षात आलं की मी उजव्या कुशीवर झोपायची बंद झालेय. झोपेत चुकून त्या कुशीवर वळलं की जाग यायची. मग वरच्या फळीवरचा डबा डाव्या हातानं काढायला लागले. मग साडीचा मागचा खोचा खोचता येईना.

हे तीन एकत्र आले की समजावं: हात वर जाईना, पाठीमागं जाईना आणि त्या कुशीवर झोपवेना. मला मात्र वाटलं मशीनवर बसून बसून भरला असेल खांदा. दसरा-दिवाळीचे ब्लाऊज तोंडावर होते. बाम चोळला, पदर खांद्यावरून ओढून घेतला आणि हात त्याच्याआड पोटाशी धरून वावरायला लागले. सगळ्या गल्लीच्या उसणी काढणारी बाई स्वतःच धरली म्हटल्यावर लोक काय म्हणतील, ही मला लाज. दुखण्याची लाज वाटून घ्यायची नसते, हे आता कळतंय.

गल्लीला ते कळलं हौसाकाकीमुळं. हौसाकाकी म्हणजे आमच्या समोरच्या घरातली म्हातारी. तिचा आवाज असा की तिला फोनची गरजच नाही. नातवाच्या लग्नासाठी ब्लाऊज शिवायचा म्हणून माप द्यायला आली. मी टेप तिच्या पाठीमागून फिरवायला गेले आणि हात अर्ध्यातच अडकला. टेप पडली. उचलून परत केलं, परत तेच.

"काय गं सुरेखा, काय झालंय हाताला?"

"कुठं काय? काय न्हाई."

"काय न्हाई कसं? वर कर बघू."

मी केला. खांद्याच्या रेषेपर्यंतसुद्धा गेला नाही. हौसाकाकीनं दोन्ही हात कपाळाला लावले. "आगं बया बया! पायाळूलाच भरली की! आता तुला गं कोण लाथ घालणार?"

संध्याकाळपर्यंत गल्लीच्या दोन्ही टोकांना कळलं होतं. भाजीवालीसुद्धा म्हणाली, "काकी, दुसरा पायाळू हुडकाय पायजे." असा संताप आला मला! पण हसण्यावारी नेलं.

*

माणसाला बरं करायला आमच्या गल्लीत सगळे तयार असतात, ही कोल्हापूरची माया आणि हाच कोल्हापूरचा त्रास. आमचे हे शिरोलीला फौंड्रीत आहेत. त्यांच्या ओळखीचे तालमीतले एक वस्ताद आले. तेल गरम केलं, खांदा मळला, "गाठ हाय, सोडवून देतो" म्हणाले आणि हात धरून असा हिसका दिला की माझ्या डोळ्यांपुढं काजवे चमकले. मी त्यांना काय बोलले ते इथं लिहिता येणार नाही. बिचारे चहा न घेताच गेले. दोन दिवस खांदा आगीसारखा पेटला होता.

मग हौसाकाकीनं सूत्रं हातात घेतली. जुन्या लुगड्याची पट्टी फाडून माझ्या गळ्यात झोळी बांधली, त्यात हात ठेवला आणि हुकूम सोडला, "आता ह्यो हात हालवायचा न्हाई. इसावा पायजे त्याला."

आणि खरोखर बरं वाटलं की! हलवलाच नाही तर दुखणार कशाला? डाव्या हातानं जेवढं होईल तेवढं करायचं, उजवा झोळीत. मी खूश. हीच सगळ्यात मोठी चूक होती आणि ती मी आठवडेच्या आठवडे मोठ्या समाधानानं केली.

त्याच दिवसांत मलकापूरहून स्नेहलचा फोन आला. स्नेहल माझी एकुलती एक लेक. लग्न होऊन दोन वर्षं झालेली. आवाज असा चोरटा की मी ओळखलंच. "आई, तू आजी व्हणार हाईस."

मी झोळीतल्या हाताकडं बघितलं.

आमच्यात पहिलं बाळंतपण माहेरी. माझं झालं नव्हतं. आई मी शाळेत असतानाच गेली. मला दिवस गेले तेव्हा माहेर म्हणून जाऊन बसावं असं दारच नव्हतं. सासूबाईंनी सगळं केलं, मायेनं केलं, खोटं कशाला बोलू? पण बाळंतिणीला कुणासमोर तरी हक्कानं रडावंसं वाटतं, ते मला तिथं जमलं नाही. स्नेहल मांडीवर होती तेव्हाच मी ठरवलं होतं की हिचं बाळंतपण मी करणार. पाय पसरून, लेकराला पायांवर आडवं घेऊन, तेल लावून, मळून आंघोळ घालणार. त्याला दोन हात लागतात. धड हात.

त्या दिवशी झोळी काढली आणि हात सोडून बघितला. हात वर जाईचना, अख्खा खांदाच कानाकडं चढला.

*

मग ह्यांना घेऊन हाडांच्या डॉक्टरांकडं गेले. बाकावर माझ्यासारख्या दोन-तीन बाया एका हातानं दुसरा हात सांभाळत बसलेल्या. त्यांना बघून उगाच धीर आला.

डॉक्टर म्हणाले, हात वर करा. केला. मग म्हणाले, "आता तुम्ही ढिला सोडा, मी उचलतो." त्यांनी उचलला तरी तिथंच अडकला. बाहेर वळवला, जराही वळेना. फोटो काढला. हाड चांगलं निघालं, तर मला मेलीला जरा वाईटच वाटलं. एवढं दुखतंय आणि फोटोत काही नाही म्हणजे लोक म्हणतील नाटकं करते.

"ही झोळी कुणी बांधली?"

"शेजारणीनं."

"शेजारणीला परत देऊन टाका." मग म्हणाले, "ह्याला फ्रोझन शोल्डर म्हणतात. खांदा गोठतो. सांध्याभोवती एक पिशवी असते, ती आवळून बसते. तुम्ही शिवणकाम करता ना? काखेत घट्ट झालेला ब्लाऊज समजा."

"मग उसवा की."

डॉक्टर हसले. "झटक्यात उसवला तर फाटेल. हळूहळू सैल करायचा."

रक्त तपासलं तर साखर निघाली. चांगली वाढलेली. साखरवाल्या माणसांचा खांदा जास्त गोठतो म्हणे, आणि मला साखर आहे हेच मला माहीत नव्हतं. एकाच दिवशी दोन पावणे दारात.

मी विचारलं, किती दिवस लागतील? म्हणाले, वर्ष धरून चला, कुणाकुणाला जास्तही लागतं. मी मनात महिने मोजले. स्नेहलला मे महिना सांगितला होता.

"डॉक्टर, मला उन्हाळ्यात नातवंडाला आंघोळ घालायचीय."

त्यांनी लिहिता लिहिता मान वर केली. "घालाल. पण ह्या उन्हाळ्यात की नंतर, ते खांदा ठरवेल. त्याला तारीख देऊ नका."

रिक्षात बसल्यावर मला रडू फुटलं. ह्यांना बायको रडताना काय करायचं ते आजतागायत कळलेलं नाही. थोडा वेळ इकडं तिकडं बघितलं आणि म्हणाले, "जिलबी घेऊया काय गरम?" मग हातातल्या रिपोर्टाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि आम्ही दोघंही रिक्षात हसायला लागलो. रिक्षावाला आरशातून बघत होता.

*

आजारपण म्हणजे दवाखाना असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. आजारपण म्हणजे रोजची सकाळ.

अंगात घालताना आधी दुखरा हात बाहीत, मग चांगला. काढताना उलट. हे मला कुणीतरी आधी सांगितलं असतं तर कितीतरी शिव्या वाचल्या असत्या. मी माझे जुने ब्लाऊज उसवून काखेत मोठ्या कळ्या, म्हणजे जादा कापडाचे जोड, घातले. दिसायला गबाळं, पण हात जायचा. झोपताना दुखऱ्या हाताखाली उशी घेतली की खांदा लोंबत नाही आणि जरा डोळा लागतो. एक इंजेक्शन खांद्यात घेतलं, त्यानं ठणका उतरला, पण हात काही लगेच वर गेला नाही. ठणका जाणं वेगळं आणि खांदा सुटणं वेगळं.

सगळ्यात वाईट केसांचं. माझे केस लांब. एका हातानं आंबाडा होत नाही, करून बघा. मग ते काम ह्यांच्याकडं आलं. फौंड्रीत साच्यात वाळू ठोकणारा माणूस, तो विंचरणार कसा? डोकं ठोकतोय असंच वाटायचं. मी ओरडायची. रोज सकाळी शिफ्टला जायच्या आधी आमची भांडणं. कंगवा रुततोय, ताणू नका, एवढं साधं येत न्हाई व्हय? एक दिवस त्यांनी कंगवा खाली ठेवला. आवाज चढवला नाही. म्हणाले, "मला जेवढं येतंय तेवढं करालोय. ओरडून तुझा हात वर जाणार असंल तर वरड."

मला फार लागलं ते. दिवसभर मशीनवर बसून मी त्याच वाक्याशी भांडत होते आणि हरत होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दार उघडलं तर समोर हौसाकाकीच्या ओट्यावर सगळ्या बायांच्या देखत आमचे हे बसलेले. पुढ्यात हौसाकाकी, तिचे पांढरे चार केस ह्यांच्या हातात, आणि ती तारस्वरात शिकवतेय, "पीळ दे. आता गुंडाळ. आवळू नको मुडद्या, माझं डोस्कं हाय ते!" पेठेतला मिशीवाला माणूस भर रस्त्यावर आंबाडा शिकत होता. मी दार लोटून घेतलं आणि आत जाऊन पोटभर रडले. त्यानंतर केसांवरून मी त्यांना कधी बोलले नाही. आंबाडा अजूनही वाकडाच येतो.

*

व्यायाम शिकवायला एक मॅडम होत्या. मृदू बोलायच्या, पण ऐकायच्या नाहीत. टेबलावर डावा हात टेकून पुढं वाकायचं, उजव्या हातात पाणी भरलेला लहान तांब्या धरून हात लंबकासारखा सोडायचा. गरम पाण्याचा शेक घेऊन मग टॉवेल पाठीमागं धरून चांगल्या हातानं दुखरा वर ओढायचा. आणि भिंत. भिंतीसमोर उभं राहून बोटं मुंगीसारखी चालवत वर न्यायची. दुखलं पाहिजे, पण डोळ्यात पाणी येईल इतकं नको, आणि दुखणं थोड्या वेळात निवलं पाहिजे. हिसका कुणालाही मारू द्यायचा नाही, वस्ताद असो नाहीतर नवरा.

बोटं जिथवर पोहोचतील तिथं हे माझ्या कापड आखायच्या खडूनं रेघ मारायचे. लहानपणी पोरांची उंची भिंतीवर मोजतात ना, तसं. पहिले काही दिवस उत्साह होता. मग रेघेवर रेघ पडायला लागली, त्याच जागी. संक्रांत झाली, हौसाकाकीच्या नातवाचं लग्न झालं, रेघ हलेना. एक दिवस मी ओलं फडकं घेऊन सगळी भिंत पुसून टाकली. डाव्या हातानं.

मॅडमना सांगितलं तर म्हणाल्या, "बरं केलंत. रोज मोजलं की जीव जातो. व्यायाम रोज करा, बघा मात्र महिन्यातनं एकदा."

हा सल्ला मी सगळ्यांना देते. गोठलेला खांदा सुटताना आवाज करत नाही. तुम्ही दुसरीकडं बघत असता तेव्हाच तो जरासा सुटतो.

*

स्नेहलची ओटी भरायला सातव्या महिन्यात मलकापूरला गेलो. बायांनी घर भरलेलं. कुंकू लावायची माझी पाळी आली. स्नेहल माझ्यापेक्षा उंच, उभी होती. माझा उजवा हात तिच्या हनुवटीपर्यंत गेला आणि थांबला. डाव्या हातानं कुंकू लावत नाहीत. चार बाया बघायला लागल्या. स्नेहलनंच मान खाली घातली, माझ्या बोटांपर्यंत.

माझ्या विहीणबाईंनी ते बघितलं होतं. जेवणं झाल्यावर मला मागच्या दाराला घेऊन गेल्या. बाई सरळ, म्हशी राखून घर चालवलेली, गुळमुळीत बोलणं माहीत नाही. म्हणाल्या, "इनबाई, राग मानू नका. पोरगी हितंच राहू द्या. तुमच्या हातानं लेकरू उचालणार न्हाई. बाळ-बाळंतिणीचं काम हाय, हट्टाचं न्हवं."

खरं होतं, म्हणूनच झोंबलं. मी म्हटलं, "माझ्या लेकीचं बाळंतपण माझ्याच दारात हुईल."

परतीच्या गाडीत तोंड फुगवून बसले होते. घरी आल्यावर दुधाचं भरलेलं पातेलं दोन्ही हातांनी उचलायला गेले, उजव्यानं दगा दिला आणि दूध सगळ्या ओट्यावर. मी बघतच बसले. पातेल्याच्या जागी लेकरू असतं तर? माझी हौस एकीकडं, त्या जिवाचं डोकं एकीकडं.

चार दिवस गेले. मग मीच फोन लावला. "इनबाई, पोरगी माझ्याकडंच येणार. पर आंघोळ तुम्ही घालायची. सव्वा महिना माझ्या घरात येऊन राहायचं. याल काय?"

विहिणीनं विहिणीच्या घरात येऊन बाळंतपण करायचं, असं कुणी ऐकलंय? मग पलीकडून आवाज आला, "आणि माझ्या म्हशी कोण पिळणार?"

"मालक पिळत्याल की तुमचे."

"त्यास्नी लाथ घालत्यात म्हशी." मग हसल्या. "येतो मी."

*

शेवटच्या तपासणीत कळलं की बाळ फिरलेलं नाही, पाय खाली आहेत. ऑपरेशन करावं लागणार. स्नेहल माझ्या कुशीत शिरून रडायला लागली. मी म्हटलं, "वेडे, मी बी तशीच आलो की. काय वाईट झालंय माझं?"

"तुझा खांदा बघ की."

"ते साखरेनं, पायांनी न्हवं!"

मुलगी झाली. नीट, रडकी, केसाळ. आणि गल्लीत वाद पेटला. पोट फाडून काढलेलं लेकरू पायाळू धरायचं का नाही? एक पक्ष म्हणे, धरायचं. दुसरा म्हणे, ते काय चालत आलंय व्हय, डॉक्टरनं काढलंय. शेवटी हौसाकाकी दवाखान्यात आली आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात नर्सला म्हणाली, "बाई, खरं सांगा, आधी काय निघालं? डोस्कं का पाय?"

नर्स म्हणाली, "पायच आधी काढले आजी."

"मग झालं तर!" आणि निकाल घेऊन म्हातारी गल्लीत गेली.

विहीणबाई ट्रंक घेऊन आल्या. न्हाणीत पाटावर पाय पसरून बसायच्या, लेकरू पायांवर घ्यायच्या, आणि त्यांचे ते म्हशी पिळून कणखर झालेले हात असे काही मऊ चालायचे की बघत राहावं. लेकरू त्यांच्या हाताखाली डोळे मिटायचं. मी शेजारी तांब्या घेऊन. मला हेवा वाटायचा. उगाच कशाला लपवू, जळायची मी. माझी न्हाणी, माझी लेक, माझं पाणी, आणि हात दुसरीचे.

वर ती बाई मला टोकायची. मी डाव्या हातानं पाणी ओतत होते. "इनबाई, डाव्या हातानं लेकराला पाणी घालत्यात व्हय? उजव्यानं घाला." अहो, उजवा उचलतो का? "मग अर्धा तांब्या घ्या. पर उजव्यानंच." मनातल्या मनात मी त्यांना काय काय म्हणायची! पण घालायची. अर्धा तांब्या, अगदी खालून. थरथरत. मग काही दिवसांनी म्हणायच्या, "जरा वरनं सोडा, धार लागू दे." सव्वा महिना झाल्यावर त्या म्हशींकडं गेल्या. मग आंघोळ स्नेहल घालायला लागली. माझा तांब्या तोवर पुरता भरलेला असायचा आणि ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं. एक दिवस दोरीवर दुपटं टाकलं आणि हात खाली आल्यावर लक्षात आलं की तो उजवा होता.

*

श्रावणात विहीणबाई स्नेहलला आणि बाळाला न्यायला आल्या. निघायच्या दिवशी सकाळी न्हाणीत पाट मांडला, पाणी काढलं आणि स्वतः तांब्या घेऊन बाजूला उभ्या राहिल्या.

"बसा," म्हणाल्या.

"कोण, मी?"

"मग काय मी? आज मी पाणी घालतो. तुम्ही बसा."

मी ह्यांच्याकडं बघितलं. ते दारात उभे होते, मान हलवली. पदर खोचला आणि बसले. पाय पसरले. स्नेहलनं लेकरू माझ्या पायांवर ठेवलं. इतके महिने मी ते फक्त मांडीवर घेतलं होतं, कुणीतरी आणून दिलेलं. आता माझे दोन्ही हात तेलानं निसरड्या झालेल्या त्याच्या पाठीवरून फिरत होते. उजवा डाव्याएवढा सैल नव्हता, पण होता. मळलं, पालथं केलं, उताणं केलं. विहीणबाई धार धरत होत्या. हौसाकाकी कधी येऊन उभी राहिली कळलं नाही.

डोकं धुवायला मी पुढं वाकले. पाणी डोळ्याशी आलं म्हणून लेकरानं अंग ताठ केलं, पाय झाडले, आणि डावी टाच धाडकन माझ्या उजव्या खांद्यात बसली. बरोबर त्या जागी. कळ आली की!

"घातली!" हौसाकाकी ओरडली. "घातली गं लाथ! डावाच पाय हाय!"

"आई, लागलं काय गं?" स्नेहल वाकून विचारायला लागली.

मी तोंड उघडलं. आणि मिटलं.

विहीणबाई म्हणाल्या, "त्यास्नी बोलाय लावू नको, पोरी."

आयुष्यभर मी गल्लीला सांगत आले की हे सगळं थोतांड आहे. खांदा सुटला तो साखर आवरल्यानं, भिंतीनं, तांब्यानं आणि वेळ गेल्यानं, हे मला आजही पक्कं ठाऊक आहे. तरीपण मी बोलले नाही. लेकराला पुसलं, दुपट्यात गुंडाळलं, तीट लावली, मुकाट्यानं. ओटी भरली, कुंकू लावलं. स्नेहल मान खाली घालायला गेली तर मी डाव्या हातानं तिची हनुवटी वर केली आणि उजव्या हातानं तिच्या कपाळापर्यंत पोहोचले. ती रडायला लागली. मी तरीही गप्प. बोलले असते तर काय झालं असतं, ते मला माहीत आहे.

गाडी गल्लीच्या तोंडाला उभी होती. तिथवर सोडायला गेलो. गाडी सुटली तसा मी हात वर केला आणि तसाच धरून ठेवला.

परत आले, उंबरा ओलांडला आणि ह्यांना म्हणाले, "दुखालंय अजून. पर हात बघितलासा कुठवर गेलता?"

"बघितला की," हे म्हणाले. "स्नेहल बी बघत हुती, गाडी वळंस्तवर."